तरसालीच्या घराचं दार

घर नावावर झालं त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं, तर भिंतीत खिळा ठोकला. तीस वर्षं प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढलेल्या बाईला खिळ्याची हौस काय असते ते तुम्हाला नाही कळायचं. तिथं खिळा ठोकायचा तर अर्ज करा. अर्ज केला की इन्स्पेक्टर येणार, भिंतीवर खडूनं खूण करणार आणि जाताना चहा पिऊन जाणार. लग्नातला आरसा मी तीस वर्षं ट्रंकेवर टेकवून ठेवला होता.

म्हणून ठोकला. खिळा सरळ आत गेला, आणि भाकरीच्या तव्याएवढं भिंतीचं ढेकूळ माझ्या पायावर आलं.

आमचे हे ओट्यावर बसले होते. आवाज ऐकून आत आले, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"घर पाडायला घेतलंस का?"

"तुमचं घर आहे तसं आहे," मी म्हटलं. "मी नुसती हाक मारली तर उत्तर द्यायला लागलं."

आणि आम्ही दोघं असे हसलो की शेजारची रेवाबेन डोकावली. वेडी माणसं आलीत शेजारी, असं तिनं त्या दिवशी सगळ्या फळियात, म्हणजे गल्लीत, सांगितलं. नंतर तिनंच मला हे सांगितलं, न लाजता.

घर तरसालीचं. तेव्हा तरसाली म्हणजे गावच. मकरपुऱ्याकडून येताना दोन्ही बाजूला तुरीची शेतं, मग तळं, मग घरं. साठ-पासष्ट वर्षांचं पटेलाचं घर ते. पटेलाची मुलं आफ्रिकेला गेली ती तिकडचीच झाली. पाच वर्षं कुलूप. मातीच्या हातभर जाड भिंती, सागाचे खांब, वर देशी कौलं, पुढं रुंद ओटा, मागं लिंबाचं झाड. यांनी सायकलवरून मला पहिल्यांदा दाखवायला आणलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आत पाऊल टाकलं आणि अंगावरून गार हात फिरावा तसं झालं. देवघराचा कोनाडा होता, नेमका माझ्या हाताच्या उंचीवर. कुणी मोजून केल्यासारखा. मी त्यात हात ठेवला आणि म्हटलं, घ्या.

"पडकं आहे," हे म्हणाले.

"आपण तरी कुठं नवे आहोत?"

घेतलं खरं. पण थोरल्यांना, म्हणजे माझ्या दिरांना, सांगायचं बाकी होतं. फत्तेसिंहराव भोईटे. मांडवीजवळ त्यांचं तीन मजली घर. भोईट्यांचे पूर्वज सरकारी पागेत होते, पागा गेली, पण थोरल्यांच्या आवाजातली घोडी काही गेली नाहीत. ते मुद्दाम टांगा करून घर बघायला आले. दारालगतचा खांब खचला होता, त्यावरची तुळई एका बाजूला वाकली होती आणि कौलं खाली घसरून ओट्यावर येऊ पाहत होती. थोरल्यांनी काठीनं खांबाच्या बुडाशी टोचलं. काठी वीतभर आत गेली. लाकडाचा भुसा झाला होता.

"मानसिंग," ते म्हणाले, "तुझं क्वार्टर कधी सुटतंय?"

"रिटायर मार्चअखेर. एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत राहायला मुभा आहे."

"तर तीस तारखेला हे घर माणसानं राहण्यासारखं नसेल, तर सामान मांडवीला आणायचं. मागची खोली मोकळी आहे. आणि हे पडकं विकून टाकायचं. उद्या डोक्यावर आलं तर लोक मला विचारतील. शब्द दे."

आणि यांनी दिला हो शब्द! थोरल्या भावापुढे यांचं हे असंच. रेल्वेच्या वर्कशॉपात वाघ, मांडवीत वासरू.

मांडवीची ती मागची खोली मला ठाऊक होती. नवी नवरी म्हणून दीड वर्ष मी तिथं काढलं. जाऊबाई वाईट नव्हत्या, देवा शप्पथ नव्हत्या. पण चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. मूठभर शेंगदाणे हवे असले तरी "अक्का, जरा कपाट उघडता का?" म्हणायचं. तेव्हा विशीची होते, म्हटलं. आता एक्कावन्नाव्या वर्षी शेंगदाण्यांसाठी हात पसरायचा? मी त्या रात्रीच ठरवलं, हाताची सालं गेली तरी चालतील, पण तीस तारखेला मी माझ्या दाराला माझी कडी लावून झोपणार.

हिवाळाभर दर रविवारी आम्ही तरसालीला. हे सायकल मारायचे, मी मागे कॅरिअरवर, हातात डबा आणि घमेलं. गावातल्या बाया म्हणायच्या, "जुओ, कारखानावाळां आव्यां!" बघा, कारखानेवाले आले! पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढं सवय झाली, पुढं मीच हात करायला लागले.

भिंती रेवाबेननं शिकवल्या. हे म्हणत होते सिमेंट थापू, रेल्वेत सगळं सिमेंटनंच होतं. रेवाबेननं कपाळाला हात लावला. "माटी ने सिमेंट? ए तो सासू-वहू. भेगां रहे ज नहीं!" सासू-सुनेसारखी ती दोन एकत्र नांदायचीच नाहीत म्हणे. मग तळ्यातली माती आणली. त्यात गव्हाचा भुसा, त्यात शेण, आणि आठवडाभर भिजवत ठेवायचं. आंबल्याचा वास सुटला की साडी खोचून आत उतरायचं आणि पायांनी तुडवायचं. थंडीत त्या चिखलात पाय घातला की कळ डोक्यापर्यंत जायची. टाचांना भेगा पडल्या, त्यात भुसा शिरला. घरी आल्यावर हे खोबरेल कोमट करून माझ्या टाचांना लावायचे. एकतीस वर्षांत पायाला हात लावला नव्हता, तो घरानं लावायला लावला. मी पाय मागे घ्यायची, हे ओढायचे.

"गप बस. हे मेंटेनन्स आहे," म्हणायचे.

भिंती झाल्या. जमीन झाली. मोरीला फरशी झाली. राहिला खांब.

त्याच्यासाठी गावातला सुतार आणला, वालजीभाई मिस्त्री. सत्तरीचा म्हातारा, कानावर पेन्सिल, तोंडात विडी. ती कधी पेटलेली मी पाहिली नाही. वालजीभाईंनी खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून बुडाशी हात घातला आणि म्हणाले, "मानसिंगभाई, नीचे घूस लागी छे." घुशीनं तळखड्याखालची, म्हणजे खांब ज्या दगडावर उभा असतो त्याच्या खालची, माती पोखरून नेली होती. दगड चार बोटं खाली गेला, खांब गेला, मागोमाग तुळई गेली.

"मग?"

"आखुं छापरुं उतारवुं पडे. बे महिना."

दोन महिने! एप्रिल लागला होता. मी मटकन ओट्यावर बसले. मला समोर जाऊबाईंच्या कमरेचा जुडगाच दिसायला लागला.

हे मात्र तुळईकडे बघत उभे होते. डोळे बारीक केलेले. हा चेहरा मी ओळखते. बंद पडलेलं घड्याळ हातात आलं की हा चेहरा होतो.

"मिस्त्री," हे म्हणाले, "डब्याचं चाक बदलायचं असलं तर आम्ही डब्याचं छप्पर उतरवतो का?"

"एटले?"

"डबा उचलतो. चाक काढतो. डबा खाली ठेवतो."

वालजीभाईंनी तोंडातली विडी काढली. "आ घर छे, भाई. गाडी नथी."

"उचलायला दोन्ही सारखंच."

आता रेल्वेचे जॅक आणायला यांना कोण अडवणार होतं? पण नाही. एकतीस वर्षांत यांनी रेल्वेचा खिळा घरी आणला नाही. लोकांनी रेल्वेच्या लाकडात मुलींची कपाटं केली, आमच्या शालिनीला कपाट बाजारातून. मी यावरून पुष्कळ बोलले आहे, इथं नाही बोलत. तर हे मकरपुऱ्याच्या एका ट्रकच्या गॅरेजमधून दोन जॅक भाड्यानं घेऊन आले. लिलावातले जुने स्लीपर, म्हणजे रुळांखालचे लाकडी ओंडके, कुणाकडून तरी बैलगाडीनं आणले. आणि बावीस तारखेच्या रविवारी वर्कशॉपातले चार दोस्त आले. त्यांचा म्होरक्या लक्ष्मण, दंड असा की बाहीत मावत नाही.

दाराच्या दोन्ही फळ्या आणि खिडक्या आधीच उतरवून मागं लिंबाखाली ठेवल्या, मोडायला नकोत म्हणून. स्लीपरांची चळत रचली, त्यावर जॅक, जॅकवर टेकू, टेकू तुळईला भिडला. हे मधे उभे राहिले. रिटायर होऊन बावीस दिवस झाले होते, बावीस दिवस घरात कुरकुरत होते. पण त्या दिवशी आवाज लागला काय तो!

"दोन्हीकडं एकदम. पाव फेरा. हां!"

"हां!" चौघं ओरडले.

"थांब. पाव फेरा. हां!"

घर कण्हलं. खरंच कण्हलं हो, बाळंतिणीसारखं. वरून साठ वर्षांची धूळ आली, आढ्यातल्या चिमण्या ओरडत बाहेर पडल्या, माझ्या नव्या सारवणाला उभी भेग गेली. मी पदर तोंडात धरून रामरक्षा म्हणत होते, रेवाबेन हनुमान चालिसा. लक्ष्मणच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. आणि बघता बघता खांब जमिनीवरून सुटला. चार बोटं हवेत. खालून उजेड दिसला!

वालजीभाई पालथे पडून तो उजेड बघत राहिले. "चालीस वरस थी सुथारी करूं छुं," ते म्हणाले. उठून करवत घेतली.

कुजलेलं बूड कापलं. घुशीच्या बिळातून तीन टोपल्या भुसभुशीत माती आणि पटेलाचा एक पितळी चमचा निघाला. खड्ड्यात रोडे आणि चुना धुम्मसनं ठोकून भरला, तळखडा पक्का बसवला. वालजीभाईंनी सागाचा नवा तुकडा खांबाला असा सांधला की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. उंची पुरी करायला खांबाखाली लोखंडाच्या चार पट्ट्या घातल्या. मग यांनी खिशातून आपली लेव्हल काढली, काचेच्या नळीत पाणी आणि बुडबुडा असलेली, आणि तुळईवर ठेवली. बुडबुडा नेमका मधोमध. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

पुढचा आठवडा मी भेगा बुजवल्या, पुन्हा सारवलं, फळ्यांना तेलपाणी केलं. साठ वर्षांचं काजळ निघालं तशी सागाची शीर मधासारखी दिसायला लागली. इतका आनंद मला शालिनीच्या बारशाला झाला होता, त्यानंतर आत्ता.

एकोणतीसला रविवार आणि अखातीज, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. थोरले आणि जाऊबाई कलश घेऊन दहा वाजता येणार. दुसऱ्या दिवशी टेम्पो सांगितला होता. कुठं जायचं ते टेम्पोवाल्याला सांगायचं बाकी होतं.

सकाळी आठला लक्ष्मण आणि दोस्त भाड्याचे जॅक परत न्यायला आले, तेव्हा लक्ष्मणनं आणि वालजीभाईंनी फळ्या चढवल्या. मी डावी ओढली. आली. उजवी ओढली. हातभर आली आणि चौकटीला वरच्या कोपऱ्यात अडकली. जोर लावला, खांदा लावला. लक्ष्मणनं त्याचा तो दंड लावला. नाही. दोन फळ्यांत तीन बोटांची फट आणि कडीचं टोक कोयंड्यापासून कुठल्या कुठं. खिडक्या बघितल्या. त्यासुद्धा लागेनात. एकही!

वालजीभाई आधी खोकले, मग कळलं की ते हसताहेत. पोट धरून ओट्यावर बसले. "मानसिंगभाई! घर साठ वरस वांकुं बेठुं. बारणां एने माप नां. तमे डोसा ने परेड मां ऊभो राख्यो!" म्हाताऱ्याला तुम्ही परेडमध्ये उभा केलात म्हणे.

म्हणजे घर जसजसं वाकडं बसत गेलं, तशी पटेलानं दारं रंधून रंधून त्या वाकडेपणाच्या मापाची केली होती. आणि आमच्या फिटरसाहेबांनी घर सरळ केलं. वाकड्या घराची दारं सरळ घराला कशी लागतील?

"पुन्हा रंधा मारा," हे म्हणाले.

"वरून रंधीश तर नीचे उजेड. नवां बारणां करवां पडे. पंदर दिवस." नवी दारं! पंधरा दिवस!

नेमका तेव्हाच टांगा आला. थोरल्यांनी सगळं घर पाहिलं. खांबाला काठी टोचली, काठी टणकन वाजली. मान हलवली. मग दार ओढलं. पुन्हा ओढलं. आणि चार माणसांदेखत म्हणाले, "मानसिंग, दार लागत नाही ते घर नव्हे, धर्मशाळा. ऐक माझं. टेम्पोवाल्याला मांडवी सांग."

हे खाली मान घालून उभे. जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, खोली पुसून घेतलीय मी. वाईट वाटून घेऊ नकोस." त्यांच्या बोलण्यात खरंच माया होती, म्हणून तर मला जास्त रडू आलं. मी पदर कमरेला खोचला.

"अहो, पट्ट्या काढा."

"काय?"

"खांबाखालच्या पट्ट्या. घर खाली उतरवा. जितकं वाकडं होतं तितकं करा."

हे ताडकन म्हणाले, "वेड लागलंय? आख्ख्या तरसालीत एवढं लेव्हलमधलं घर नाही! बुडबुडा मधोमध आहे!"

"मला बुडबुड्यात संसार करायचा नाही!" मी थोरल्यांसमोर आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. "मला कडी लावायची आहे! घर पक्क्या पायावर आहे ना? आता पडणार नाही ना?"

"नाही पडणार."

"मग वाकडं तर वाकडं! आपण काय सरळ आहोत?"

लक्ष्मण फिस्सकन हसला. यांनी लेव्हलकडे पाहिलं. मग ती खिशात घातली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"लक्ष्मण, जॅक लाव."

मी आत गेले आणि दोन्ही फळ्या धरून उभी राहिले. बाहेर हे खांबापाशी. घर इवलंसं उचललं, पहिली पट्टी निघाली, जॅक उतरला. "बघ!" मी ओढलं. फट दोन बोटांवर आली. "अजून!" दुसरी निघाली. फट एका बोटावर. "अजून एक!" तिसरी निघाली. "चौथी पण काढू?" हे ओरडले.

"थांबा! एक राहू द्या!"

मी ओढलं. फळीला फळी अशी मिळाली की उजेडाची रेघसुद्धा राहिली नाही. आत अंधार झाला, गार. कडी उचलली. खट्ट. कोयंड्यात बसली.

मी एकटीच आत होते. बाहेर सगळं जग. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि रडले, आणि हसले, दोन्ही एकदम. माझं घर. माझी कडी!

"लागली का?" बाहेरून हे.

मी डोळे पुसले.

"अगं, लागली का? उघड की!"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. लग्नात दार अडवणारी नणंद आम्हाला नव्हतीच, तो मान राहूनच गेला होता. मी आतून म्हटलं, "आधी नाव घ्या."

बाहेर हसण्याचा जो गलका उठला! "घ्या, घ्या!" लक्ष्मणची माणसं ओरडायला लागली. "शुं थयुं? शुं थयुं?" रेवाबेन. हे फटकन "काहीतरीच काय!" म्हणाले. मी कडीला हात लावला नाही. शेवटी यांनी घसा खाकरला.

"वर्कशॉपात सरळ केले हजार डबे वाकडे,
मथुरापुढे चालेना काही, घालतो तिला साकडे!"

टाळ्या पडल्या. त्यात जाऊबाईंचा आवाज आला, "आता तू घे गं! उगीच नाही सुटायची!"

दाराआडून लाज कसली? घेतलं मी, खणखणीत.

"वाकडा खांब, वाकडी तुळई, वाकडंच आढं,
मानसिंगरावांच्या जोडीनं सरळ चाललंय गाडं!"

आणि कडी काढली. यांचा चेहरा घामानं आणि धुळीनं माखलेला, कान लाल झालेले. लक्ष्मण डोळे पुसत होता. जाऊबाईंनी कलश पुढं केला आणि मला जवळ घेतलं. चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला टोचला, पण आज बोचला नाही.

थोरले मात्र ओट्याच्या पायरीवरच थांबले होते. काठीवर दोन्ही हात. त्यांनी दार पाहिलं, खांब पाहिला, धाकट्या भावाच्या पाठीवर एक थाप मारली.

"मानसिंग, टेम्पोवाल्याला तरसाली सांग," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. आवाजातली घोडी कुठल्या कुठं गेली होती. "मथुरा, आत येऊ का?"

एकतीस वर्षं मी त्यांच्याकडं विचारून वावरले होते. मी दारातून बाजूला झाले.

"या ना, दादासाहेब, विचारता काय! घर तुमचंच आहे. फक्त चपला बाहेर काढा, सारवण अजून ओलं आहे."

आणि आमचे थोरले, फत्तेसिंहराव भोईटे, काठी भिंतीला टेकवून, वाकून चपलेचे बंद सोडायला लागले.